राजू हिरानी: हातसफाई की हातचं राखून?

चित्रवेडा:
सरळ मुद्द्यावर येतो. राजकुमार हिरानीचे सिनेमे मला मनापासून आवडतात, सहाच्या सहा थेटरात बघितलेत, पण 'डंकी' बघितल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. या माणसाच्या सिनेमात एक प्रसंग कुठं संपला आणि दुसरा कुठं सुरू झाला ते कळत नाही, हसता हसता डोळ्यात पाणी येतं आणि ते पुसायच्या आत परत हसू येतं. एवढी सफाई आत्ता हिंदीत दुसऱ्या कुणाकडे आहे असं मला वाटत नाही. पण हीच सफाई आता आड यायला लागलीय का? प्रेक्षक जरा अस्वस्थ झाला की लगेच विनोद, लगेच गाणं, लगेच कुणीतरी कुणाला तरी मिठी मारतं. विषय एकापेक्षा एक जड घेतो, डॉक्टरकी, गांधी, परीक्षा, धर्म, चोरून परदेशी जाणारी माणसं, आणि बाहेर पडताना आपल्या अंगावर साधा ओरखडा नसतो. माझं मत असं की मुन्नाभाईच्या दोन सिनेमांत तो धोका पत्करत होता, नंतर नंतर सेफ खेळायला लागला. तुम्हाला काय वाटतं? कोटींचे आकडे नकोत, सीन सांगा.

वऱ्हाडी_ठेचा:
आमच्या नागपूरच्या पोराबद्दल बोलून राहिला का बे! जरा जपून हं.
सेफ म्हणजे काय असते भाऊ? म्हाताऱ्या आईले आन बारक्या पोराले एकाच रांगेत बसवता येईल, दोघंही हसतीन आन दोघंही रडतीन, असा पिक्चर काढून दाखवा म्हणा दुसऱ्या कोणाले. अंधारात कॅमेरा हलवला आन शिव्या टाकल्या का झाला धाडसी सिनेमा. हे सोपं आहे. सगळ्यायले सोबत नेणं अवघड आहे.

मामा_कोल्हापूर:
अरे कहना क्या चाहते हो?
(अच्युत पोतदारांना नमस्कार करून आत येतोय. वाचतोय, बोलतो नंतर.)

कट_टू:
मी एडिटिंग करतो, मालिका आणि जाहिराती, त्यामुळे या विषयावर गप्प बसवत नाही.
हिरानी मुळात एडिटर. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये एडिटिंगच शिकला, 2000 सालचा 'मिशन कश्मीर' त्याने एडिट केलेला, आणि स्वतःचे सिनेमेही तो स्वतः कापतो. हे महत्त्वाचं का, तर तो लिहितानाच कापत असतो. पहिल्या अर्ध्या तासात एखादी फालतू वाटणारी वस्तू दाखवायची आणि दोन तासांनी तीच वस्तू अशी आणायची की थेटरात आवाज होतो.
आता चित्रवेडा म्हणतात की अस्वस्थ वाटायच्या आत सुटका होते. 'थ्री इडियट्स'मधला जॉय लोबो या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याचा प्रसंग आठवा. गिटारवरचं गाणं, तिघं मिळून जॉयचं बंद पडलेलं ड्रोन दुरुस्त करतात, ते उडतं, खाली पोरं खूष, कॅमेरा वर वर जातो आणि जॉयच्या खिडकीशी पोचतो. खाली स्क्रीनवर काय दिसतंय हे पोरांना आणि आपल्याला एकाच वेळी कळतं. ज्या यंत्राचा आनंद चालू होता त्याच यंत्राने मरण दाखवलं. दुसरा कुणी असता तर आधी पार्श्वसंगीत बदललं असतं, खोलीतला पंखा दाखवला असता, जॉयचा रडका चेहरा दाखवला असता, म्हणजे प्रेक्षकाला सावरायला वेळ दिला असता. इथे दिलेला नाही. हे सफाईदार आहे आणि अजिबात सेफ नाही. मग दोन्ही एकाच प्रसंगात असू शकतं ना?

सायली_क:
@कट_टू, प्रसंग जबरदस्त आहे, वादच नाही. पण पुढं? अंत्यसंस्काराच्या वेळी हिरो रँचो प्रिन्सिपॉल व्हायरसला तोंडावर सांगतो की ही आत्महत्या नाही खून आहे, तिथंवर सिनेमा माझ्या अंगावर येतो. आणि मग सिनेमा जॉयला विसरतो. त्याच्या बापाचं काय झालं हे कुणी विचारत नाही. रँचोचा मित्र राजू खिडकीतून उडी मारतो तेव्हा तो वाचतो, आणि त्याला शुद्धीवर आणायला मित्र विनोद करतात, बहिणीचं लग्न रँचोशी लावून टाकतात वगैरे. एकदा घाव घातला, दुसऱ्यांदा फुंकर.
आणि मोठा मुद्दा. हा सिनेमा शर्यतीच्या विरोधात आहे असं आपण म्हणतो. पण रँचो दर वर्षी पहिला येतो! व्हायरसचं ते पेन शेवटी त्यालाच मिळतं. पुढं तो चारशे पेटंटवाला शास्त्रज्ञ वांगडू निघतो आणि वर्गातला प्रतिस्पर्धी चतुर त्याच्यासमोर हरतो. म्हणजे शर्यत वाईट, पण आपला हिरो ती जिंकलाच पाहिजे. जो मुलगा नापास होऊन साधं आयुष्य जगतो त्याच्यासाठी या सिनेमात जागा कुठाय? माझ्यासाठी सेफ म्हणजे हे.
(मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते. जेईईच्या क्लासवाले हाच सिनेमा मुलांना मोटिव्हेशन म्हणून दाखवतात हे बघितलंय.)

वऱ्हाडी_ठेचा:
सायलीताई, फरहान आहे ना! इंजिनिअरिंग सोडून फोटोग्राफर झाला. बापाशी बोलायचा तो सीन पाहून किती पोरायनं घरी तोंड उघडलं असंन.

सायली_क:
फरहान सुद्धा यशस्वी फोटोग्राफरच होतो हो दादा, पुस्तकं निघालेला.

डॉक्टरीणबाई:
'मुन्नाभाई एमबीबीएस' आला 2003 च्या डिसेंबरात, तेव्हा मी सरकारी हॉस्पिटलात इंटर्न होते. आमच्यातले निम्मे लोक चिडले होते, डॉक्टर म्हणजे काय निर्दय दाखवलेत म्हणून. मी चिडले नाही कारण कॅज्युअल्टीतला माणूस तडफडत असताना आधी फॉर्म भरायचा का, हा जो प्रश्न मुन्ना भर वर्गात विचारतो तो आम्ही रोज गिळत होतो. जादू की झप्पीने आजार बरे होत नाहीत हे कुणालाही कळतं, पण झाडूवाल्या मकसूदभाईंना मिठी मारली तेव्हा थेटरातल्या कितीतरी जणांना आपल्या ऑफिसातल्या सफाई कामगाराचं नावही माहीत नसल्याचं आठवलं असेल.
आणि मुख्य म्हणजे जहीर हा तरुण पेशंट मरतो. मुन्ना काहीही करू शकत नाही. तो इतका मोडतो की कॉलेज सोडून निघून जातो, आणि शेवटपर्यंत डॉक्टर होत नाही! हिरोला त्याचं ध्येय न देता सिनेमा संपवणं यात धोका नव्हता असं म्हणू नका. निपचित पडलेल्या पेशंट आनंदभाईचा हात हलतो ती सवलत आहे, मान्य, पण जहीरचं मरण ती सवलत पुसत नाही. मृत्यूच्या बाबतीत तो पहिला सिनेमा नंतरच्या सगळ्यांपेक्षा प्रामाणिक आहे असं माझं मत.

मामा_कोल्हापूर:
डॉक्टर, एक नंबर. त्यात मुन्नाची आई रोहिणी हट्टंगडी. 1982 च्या 'गांधी'त त्याच कस्तुरबा होत्या, आणि पुढच्याच मुन्नाभाईत गांधी म्हणून आले आपले दिलीप प्रभावळकर. दोन्ही घरचीच माणसं.

अनुजा_पी:
प्रिया बापटही आहे की दोन्ही मुन्नाभाईंमध्ये, छोट्या कामात. आणि स्वानंद किरकिरे, इंदूरचा मराठी माणूस, 'बंदे में था दम' आणि 'बहती हवा सा था वो' या दोन्ही गाण्यांना राष्ट्रीय पुरस्कार. हिरानीच्या सिनेमातली गाणी गोष्ट थांबवत नाहीत, त्यात किरकिरेंचा वाटा मोठा आहे. याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

तिसरीघंटा:
प्रभावळकरांचं नाव निघालंच आहे तर थोडं सविस्तर. त्यांना 'लगे रहो मुन्नाभाई' आणि 'शेवरी' मिळून सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण पुरस्कारापेक्षा काम बघा. त्यांना रंगमंचावर बघितलेल्या माणसाला माहीत आहे की हा नट काय काय उधळू शकतो, आवाज, चाल, हातवारे, सगळं. आणि गांधी करताना त्यांनी सगळं काढून घेतलंय. नुसते उभे असतात. आवाज चढत नाही, उपदेश केल्यासारखा वाटत नाही, मुन्ना चुकीचं वागला तरी चेहऱ्यावर निराशा सुद्धा मोजकीच.
आता मूळ प्रश्नाकडे. 'लगे रहो'मध्ये सगळं छान जमत आलेलं असताना पत्रकार परिषदेचा प्रसंग येतो. डॉक्टर तिथं सिद्ध करतो की मुन्नाला दिसणाऱ्या गांधींना तेवढंच माहीत आहे जेवढं मुन्नाने वाचलंय. मुन्नाला जे माहीत नाही ते विचारलं की बापू गप्प. ज्या चमत्कारावर आख्खा सिनेमा उभा आहे तोच सगळ्यांसमोर खोटा पाडला! सेफ दिग्दर्शक हे कधी करणार नाही, तो शेवटपर्यंत प्रेक्षकाला संशयात ठेवेल, थोडं आकाशाकडे बघायला लावेल. इथं स्पष्ट सांगितलं की हा मेंदूचा खेळ आहे आणि तरीही यातून जे वागणं आलं ते खरं आहे. लोकप्रिय सिनेमात इतका कठीण विचार इतक्या सहज मांडलेला मला दुसरा आठवत नाही.

चित्रवेडा:
@तिसरीघंटा हेच तर म्हणतोय मी! 2006 पर्यंत तो असं करत होता. नंतर काय झालं?

जुनाजाणता:
हिरानीची तुलना नेहमी हृषीकेश मुखर्जींशी होते म्हणून लिहितो. हृषीदाही एडिटरच, बिमल रॉय यांच्याकडे तयार झालेले. 1965 च्या मल्याळम 'चेम्मीन'चं एडिटिंग त्यांचं आहे हे फार जणांना माहीत नसतं. त्यांच्यावरही आयुष्यभर हाच आरोप झाला, गोड सिनेमे करतात, मध्यमवर्गीय दिवाणखान्याच्या बाहेर पडत नाहीत. पण 1969 चा 'सत्यकाम' बघा. धर्मेंद्रचा सत्यप्रिय खरं बोलण्यापायी नोकऱ्या गमावतो, बायकोला सुख देऊ शकत नाही आणि कॅन्सरने मरतो. जग त्याच्यासमोर झुकत नाही, कुणी अधिकारी येऊन माफी मागत नाही.
'आनंद' घ्या. सुरुवातीलाच कळतं की आनंद आता नाही. त्यामुळे पुढची प्रत्येक गंमत बघताना आपण हसतो पण ते हसणं सुटं नसतं. हृषीदांनी मरण आधी टेबलावर ठेवलं आणि मग विनोद केला. हिरानी बरेचदा आधी विनोद करतो, मग मरण आणतो, आणि मग परत विनोदाकडे जातो. क्रमातला हा फरक मला फार मोठा वाटतो. शेवटचा विनोद मरणाला सौम्य करतो.

कट_टू:
@जुनाजाणता, क्रमाचा मुद्दा फार नेमका आहे, आणि तोच धरून 'डंकी'कडे जाऊ. तिथं हाच जॉय लोबोचा आराखडा परत वापरलाय. बोमन इराणीचा इंग्रजीचा क्लास, पाठ केलेली वाक्यं, थेटर हसतंय, आणि मग विकी कौशलचा सुखी स्वतःला पेटवून घेतो. कौशलने जीव ओतलाय, माझ्या शेजारचे काका रडत होते. पण मला तो कट दिसला. 2009 साली मी फसलो होतो, 2023 साली मला माहीत होतं की इतकं हसवतोय म्हणजे आता कुणीतरी मरणार. सफाई कमी झालेली नाही, उलट वाढली असेल. आपण ती वाट पाठ केली. सहा सिनेमांत तोच माणूस तीच युक्ती वापरत असेल तर प्रेक्षकाला कधीतरी ती दिसणारच, आणि दिसली की सगळाच परिणाम विरतो.

पश्चिमरंग:
मी कॅनडात, ब्रॅम्प्टनला राहतो. आजूबाजूला सगळा पंजाब, त्यामुळे 'डंकी' आम्ही वेगळ्याच डोळ्यांनी बघितला. गुजरातमधल्या डिंगुचा गावचं चार जणांचं कुटुंब, त्यात दोन लहान मुलं, जानेवारी 2022 मध्ये चोरून अमेरिकेत जाताना मॅनिटोबात सीमेजवळ थंडीत गोठून गेलं. ती बातमी आली त्या आठवड्यात इथं देशी दुकानात, गुरुद्वारात, कामावर लोक दुसरं काही बोलत नव्हते. त्यामुळे हिरानी हा विषय घेतोय म्हटल्यावर मला खरंच आशा होती की हा माणूस हे सगळ्या घरांपर्यंत पोचवेल, कारण त्याचा सिनेमा गावागावात बघतात.
तो इंग्रजीचा क्लास मला खोटा वाटला नाही, तसं बोलणारी माणसं मी भेटलोय आणि हिरानी त्यांच्यावर प्रेम करतो हे दिसतं. खटकलं ते कोर्ट. आश्रय मिळवायला आपल्या देशात जिवाला धोका आहे असं सांगायचं असतं, बाकीचे सांगतात, शाहरुखचा हार्डी सांगत नाही, देशाविरुद्ध बोलणार नाही म्हणतो. इथं थेटरात टाळ्या पडल्या. पण माझं मन त्या बाकीच्यांकडे होतं. खोटं बोलून जे राहिले त्यांनी ते खोटं पुढची कितीतरी वर्षं कसं वागवलं? आईबाप गेल्यावर जाता आलं नाही, कागद नाहीत म्हणून मालक म्हणेल त्या पगारावर काम, कुणाला खरं नाव सांगायची चोरी. सिनेमा तिथून उडी मारून पंचवीस वर्षं पुढं जातो आणि हार्डीच्या प्रेयसीला, मनूला, आजारी करून घरी आणतो. मधली सगळी वर्षं म्हणजे खरा सिनेमा होता. सफाईसाठी ती कापली असं मला वाटलं.

डॉक्टरीणबाई:
@पश्चिमरंग, तुमचा प्रतिसाद वाचून थांबले जरा. यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही, पण लिहिलंत हे बरं केलंत.

अनुजा_पी:
संजय दत्तच्या आयुष्यावरच्या 'संजू'बद्दल कुणीच बोलत नाहीये, मी बोलते. इथं सफाई मला नुसती सेफ वाटत नाही, चुकीची वाटते. प्रत्येक अवघड प्रश्नाच्या पुढं बाप-मुलाचा एक हळवा प्रसंग लावलाय. बंदूक का घेतली? वडिलांना धमक्या येत होत्या. परेश रावलांचा चेहरा, संगीत, आपण विरघळलो, प्रश्न गेला. शेवटी सगळं खापर वर्तमानपत्रांवर आणि वर गाणं सुद्धा. शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवल्याचा निकाल सुप्रीम कोर्टाने 2013 साली कायम केला होता, माणूस येरवड्यात राहून आला, हे सगळं सिनेमात आहे, पण प्रेक्षकाने न्याय करायच्या आधीच सिनेमाने माफी देऊन टाकलीय. रणबीर आणि विकी कौशल दोघंही कमाल आहेत, म्हणून तर जास्त त्रास होतो.

वऱ्हाडी_ठेचा:
संजूचं मान्य. दोस्ताचा पिक्चर होता तो, दोस्तीत माणूस थोडा आंधळा होते. पण 'पीके'ले सेफ म्हणान तर मी ऐकणार नाही. रस्त्यावर निदर्शनं झाली, पोस्टर फाडली लोकायनं. सेफ खेळणारा माणूस या देशात देवाधर्मावर कॉमेडी काढते का?

सायली_क:
निदर्शनं झाली हे खरं, पण सिनेमा नक्की कुणाला दुखावतो? भोंदू बाबा वाईट, हे श्रद्धाळू माणूसही म्हणतो. खरा देव आणि आपण बनवलेला देव असे दोन भाग करून सिनेमाने सगळ्यांना घरी जायला वाट ठेवलीय. शिवाय क्लायमॅक्सला धर्माचा प्रश्न सुटतो कशाने, तर जग्गू आणि सर्फराजच्या चिठ्ठीच्या गैरसमजाने. प्रेमकथेचा गैरसमज मिटला की बाबा हरला!
आणि एक राहिलंच, 'थ्री इडियट्स'मधलं ते चतुरचं भाषण. 'चमत्कार'च्या जागी 'बलात्कार' हा शब्द घालून केलेला विनोद. माझ्या वर्गातली मुलं तो प्रसंग लागला की हसत नाहीत, विशेषतः मुली. सगळ्यांना सोबत नेतो म्हणताय ना, तिथं अर्धं थेटर मागं राहिलं होतं आणि कुणी वळून बघितलं नाही.

कट_टू:
भाषणाबद्दल शंभर टक्के सहमत. आज एडिटला बसलो असतो तर उडवलं असतं, आणि गोष्टीचं काही बिघडलं नसतं असंही नाही, चतुरची सूडाची पैज तिथूनच सुरू होते, पण दुसरा शब्द शोधता आला असता.
'पीके'च्या क्लायमॅक्सबद्दल मात्र थोडं थांबा. त्या चिठ्ठीच्या आधी तो एक बूट दाखवतो. पीकेचा मित्र, संजय दत्तचा भैरोंसिंग, रेल्वेतल्या स्फोटात गेलाय, आणि पीके स्टुडिओत तो उरलेला बूट काढतो. तोवर पीके सगळ्या सिनेमाभर बोलत असतो, प्रश्न विचारत असतो, तिथं त्याच्याकडे प्रश्न नाही. तेवढ्या एका मिनिटासाठी मी 'पीके' परत बघतो. पुढं चिठ्ठी येऊन सगळं गोड करते हे खरं.

तिसरीघंटा:
मला एक धागा दिसतोय. पहिल्या मुन्नाभाईतला डीन आस्थाना मवाळ होतो, 'लगे रहो'तला बिल्डर लकी सिंग मवाळ होतो, व्हायरस मवाळ होतो. खलनायकाला शेवटी माणूस करणं हा हिरानी आणि त्याचे सहलेखक अभिजात जोशी यांचा विश्वास आहे, त्याला भित्रेपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. 'लगे रहो'मध्ये तर तोच विषय आहे, समोरच्याचं मन बदलणं. तिथं माफी गोष्टीतून येते. पण तीच माफी इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रिन्सिपॉलला लावली की जॉय लोबो आडवा येतो, आणि संजय दत्तला लावली की अनुजा म्हणतात तसं होतं. सफाईचा दोष नाही. माफी कुणाला देतोय आणि ती द्यायचा हक्क कुणाचा, तिथं गडबड आहे.

चित्रवेडा:
हे वाचून माझा प्रश्न जास्त स्पष्ट झाला. जहीरसाठी मुन्नाने कॉलेज सोडलं. बापूंसाठी मुन्ना सगळ्या जगासमोर वेडा ठरला आणि प्रेयसी जान्हवी त्याला सोडून गेली, कारण त्याने स्वतःहून खरं सांगितलं. दोन्हीकडे हिरोने काहीतरी भरलं. रँचो काय भरतो? तो तर आधीच सगळ्यांच्या पुढं आहे. पीके प्रेम मागं ठेवून जातो, तेवढं धरू. संजू सिनेमात काही भरत नाही, त्याचा बाप भरतो. हार्डी प्रियकर म्हणून भरतो, पण डंकीची किंमत सुखी आणि वाटेत मेलेले लोक भरतात, ज्यांची नावं सुद्धा मला आठवत नाहीत. सेफ म्हणजे मला हे म्हणायचं होतं. कट कितीही गुळगुळीत असू दे, हिरोच्या खिशाला हात लागला पाहिजे.

मामा_कोल्हापूर:
चित्रवेडा, पटलं, पण एक विचारतो. 'लगे रहो'मधले पेन्शन ऑफिसातले ते म्हातारे मास्तर. लाच मागणाऱ्या कारकुनासमोर काठी, चष्मा, अंगावरचे कपडे सगळं काढून ठेवतात. तिथं किंमत हिरो भरत नाही, एक किरकोळ पात्र भरतंय, नावही लक्षात नाही. तरी तो प्रसंग सेफ वाटत नाही मला. आमचे वडील शाळामास्तर होते, पेन्शनसाठी त्यांनीही चकरा मारल्या, ते हा सीन लागला की उठून आत जायचे. तुमच्या हिशोबात हे कुठं बसतं?

चित्रवेडा:
मामा, बसत नाही. विचार करतोय.

जुनाजाणता:
बसतं की. मास्तर कपडे उतरवतात तेव्हा कॅमेरा कारकुनाकडे आणि बघ्यांकडे जातो, आणि त्या बघ्यांत आपण असतो. मुन्ना तिथं नाही, तो रेडिओवर बसून फक्त सुचवतो. हिरो नसताना सामान्य माणसाने स्वतःच्या हिमतीवर काही केलेलं हिरानीने परत किती वेळा दाखवलं, हे शोधायला हवं.

वऱ्हाडी_ठेचा:
शोधा शोधा. मी म्हणतो पुढच्या पिक्चरमधी हिरोच काढून टाका राजूभाऊ, आन नुसत्या मास्तरवर काढा. नागपुरात शूटिंग करा, गर्दी मी आणतो.

सायली_क:
तसा काढला तर पहिल्या दिवशी पहिला शो. आणि कृपा करून मास्तर शेवटी आदर्श शिक्षक पुरस्कार घेताना दाखवू नका.